चंद्राक्काचं पान

२८ सप्टें. ९६
पित्रं लागली. गुरुजी म्हणाले, यंदा सर्वपित्रीला तीन पिढ्यांची नावं नीट द्या. मला आजोबांच्या मागचं एकही ठाऊक नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दूत; पण आपल्याच माणसांच्या नावांना शाळा कशाला लागते. माय तीन वर्षांमागं गेली. आता विचारायला पैठणची काकू तेवढी उरली. जावं म्हणतो. गुडघा दुखतो. बघू.

१ ऑक्टो.
पैठणहून आलो. काकूला दिसत नाही, पण नावं भराभर सांगितली. पणजोबा सखोजी, आणि वर त्यांचे वडील आनंदरावसुद्धा. तळहातावर लिहून घेतली. मग मीच म्हणालो, थोरल्या बहिणीचं, चंद्राक्काचंही पान वाढतो, माय गेल्यापासून. मायनं कधी वाढू दिलं नाही. म्हणायची, पाण्यात गेलेल्या पोरीला गंगाच जेवू घालती.

काकूचा अडकित्ता थांबला.

"बाबूराव, जित्या माणसाचं पान वाढतं का रं कोणी?"

मग सगळं सांगितलं. आक्का विधवा होऊन माहेरी आलेली. पोलीस ॲक्शनच्या साली गावात मारामारी झाली तेव्हा महेबूब पिंजारी आमच्या कडब्याच्या गंजीत लपला होता. बायको नुकती वारलेली, जवळ तान्ही पोर. आक्का पोरीला दूध न्यायची. तो सोयगावकडं निघाला, तर आक्का त्याची पोर खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर गेली.

"तुझ्या बापानंच तिचं लुगडं घाटावर नेऊन ठिवलं. मायला म्हणला, आता रड."

मी तेव्हा शहरात दुकानात कामाला. धावत गेलो होतो. त्याच लुगड्यापाशी बसून रडलो होतो.

"मला का नाय सांगितलं?"
"तुझ्या पोटात काही राह्यतं का?"

माय होती तोवर तिला आक्काचा निरोप यायचा म्हणे. नंतर नाही.

२ ऑक्टो.
जेवण गेलं नाही. तीन वर्षं बहिणीच्या नावानं कावळ्याला घास घातला. याचं काही होतं का? शेवटी बायकोला, सुभद्राला विचारलं. म्हणाली, "तुमच्या पानानं माणसं मरत असती तर निम्मी आळी गेली असती." हसली, मग पदर डोळ्याला लावला.

बाप कठोर, ते ठाऊक होतं. पण माय? माझ्यासमोर बसून इतकी वर्षं
जाऊ द्या.

५ ऑक्टो.
आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. असेल का अजून? पान वाढावं तर जितीला मारल्यासारखं. न वाढावं आणि ती गेलेली असेल तर? तिच्या घरी पित्रं नसणार. आमच्याकडूनही नाही म्हटल्यावर उपाशीच राहायची. गुरुजींना विचारायची सोय नाही. आळीभर होईल.

८ ऑक्टो.
स्टँडवर गेलो. सोयगावची गाडी लागलेली. कंडक्टर म्हणाला, "काका, येताय का नुसतं बघताय?" चढलो नाही. काय म्हणून जाऊ? आणि दारातच कुणी म्हणालं, अम्मी तर कवाच गेल्या, तर? घरी येऊन सु.ला म्हणालो, गाडी भरलेली होती. तिनं काही विचारलं नव्हतं.

१२ ऑक्टो. सर्वपित्री
सखोजी, आनंदराव, नावं नीट दिली. गुरुजी खूश. मग म्हणाले, "आणि भगिनी?" मी म्हणालो, थांबा. किती थांबा ते मलाच सांगता येईना. तेही थांबले, मग पुढं गेले. तिच्यासाठी मांडलेलं पान कोरंच राहिलं.

कावळा लवकर शिवला. एवढ्या लवकर कधी शिवत नाही. याचा काय अर्थ घ्यावा?

सगळे गेल्यावर सु.नं ते कोरं पान उचललं. निखाऱ्यावर पितरांची आगारी टाकायच्या आधीच तिनं चार पुरणपोळ्या बाजूला काढल्या होत्या. त्या पानात बांधल्या.

"उद्या जा. जिती असली तर वन्सं खातील. नसल्या तर तिथल्याच कावळ्याला घाला."

पुडकं दाराशी ठेवलं आहे. मुंग्या लागतील म्हणून दोनदा उठून पाहिलं.