बोटाचं वजन

प्रिय नाना,

तू जाऊन वरीस झालं. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहावी असं मला वाटलं नव्हतं. आज लिहितोय, कारण काल दुपारी तुझ्या गिटारीतून तुझ्यासारखा आवाज निघाला, आणि त्यानंतर घरात जे झालं ते तुला कळायला हवं. कुठल्या टपालात टाकायचं ते ठाऊक नाही. पण कारकुनाला कागदावर उतरवल्याशिवाय काही घडलंय असं वाटत नाही, हे तू जाणतोस.

तुझं तेरावं झालं त्या दिवशी वहिनी दारात येऊन म्हणाली, "भावजी, ते तेवढं तुमच्या खोलीत न्या. मी त्येला हात लावत न्हाई." कावून लावत नाही, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. मी गिटार उचलली आणि खोलीत आणून ठेवली.

खरं सांगू का? मला आनंद झाला होता. छावणीतला गोव्याचा बँडमास्तर बदलीवर जाताना ती तुला देऊन गेला, तेव्हापासून माझा डोळा तिच्यावर होता. तू रिसाल्याचे कोट शिवणारा शिंपी, मी तहसिलीत उर्दू-मराठी खरडणारा. अख्खी गल्ली तिला साहेबाचा तंबोरा म्हणायची, आणि तू वाजवायला बसलास की तीच गल्ली ओट्यावर येऊन बसायची. मी कितीदा म्हणालो, शिकव. तू म्हणायचास, "ऐक आधी." नुसतं ऐकून कोण शिकलंय, नाना? दोन गोष्टी तोंडानं सांगितल्या असत्यास तर तुझं काय गेलं असतं?

मग मी माझ्या अकलेनं चालू केलं. देवीच्या देवळात एक सतारवाला यायचा, त्याच्याकडून नखी मागून आणली आणि बोटात चढवली. पितळी तारेवर चालणारी ती नखी, तुझ्या गिटारीला आतड्याची तात. तिसऱ्या दिवशी तात चिरली. पिंजाऱ्याकडून, त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची असते तसली तात आणून बसवली. तूही तिथूनच आणायचास, एवढं मला ठाऊक होतं.

नखी सोडली आणि नखं वाढवली. दफ्तरातले लोक हसले. आवाज आणखी बिघडला, पत्र्यावर खडे पडावेत तसा. मी जोर लावला. आई ओसरीवर वाती वळत बसलेली असायची, ती एक दिवस म्हणाली, "आरं, त्या लाकडाचा गळा कावून दाबतूस? नानाचं गोड लागायचं. तुजं ऐकलं की दात आंबत्यात." सहा महिने मी रोज दफ्तरातून आलो की बसायचो आणि रोज तसाच उठायचो.

वहिनी या सहा महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती. मी वाजवायला घेतलं की ती परड्यात निघून जायची. मग एक दिवस गेली नाही. चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "भावजी, तुमी उपटताय. ते दाबून सोडायचे."

मी म्हणालो, "म्हणजे कसं?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले. डावा हात पुढं धरला आणि मनगटाच्या वर उजव्या हाताची बोटं ठेवली. आधी ठेवली, मग थोडी आत दाबली, मग सोडली. "पोराला ताप आलाय का बघताना कपाळावर हात ठिवतो का न्हाई? तेवढंच वजन. आठ वर्सं रोज दुपारी मी दुकानात भाकर घिऊन जायची, जेवण झालं की माज्या हातावर वाजवायचे. दुकानात वाद्य न्यायची सोय नव्हती ना. मला झोप यायची, पर हात तसाच धरून बसायची."

हे मला ठाऊक नव्हतं, नाना. तू मला नुसतं ऐक म्हणालास, आणि शिकवलंस तिला. तिलाही न सांगता.

मी विचारलं, "आणि नखं?"

"शिंप्याला कुठली नखं? रेशमात अडकतात. मुळापत्तर कापायचे." मग म्हणाली, "आणि तुमी त्या घोडीजवळ, ताता टेकतात तिथं, कावून जाता? ते भोकाच्या वर धरायचे हात."

मी नखं कापली. घोडीपासून हात मागं घेतला. बोटाचं मांस आधी तातेवर टेकवायचं, गिटारीच्या पोटाकडं जराशी दाबायची, मग बोट आपोआप सुटू द्यायचं. एक तात वाजवायची आणि ती पुरती विझेपर्यंत दुसरीला शिवायचं नाही. दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. जोर कमी करत गेलो तसा आवाज मोठा होत गेला. गंमत वाटते, पण तसंच झालं. काल दफ्तराला सुट्टी होती; दुपारी आई वाती वळायची थांबली. ती म्हणाली, "नाना आला का काय?"

वहिनी चुलीपाशीच होती. मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं हुतं, माज्या हातानं त्येचा आवाज कायमचा गेला."

आता त्या खंडेनवमीचं लिहितो. तू विसरला असशील तर मी विसरलेलो नाही. पूजेला तुझी कात्री मांडली होती, कापड मापायचा गज मांडला होता, गिटार मांडली होती. वहिनीनं सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, आणि कात्रीला लावते तसं बोटभर तेल गिटारीच्या तातांनाही लावलं. तिला कोण सांगणार होतं? संध्याकाळी छावणीतले चार बँडवाले ऐकायला आले. तू वाजवलंस आणि भद्द आवाज निघाला. त्या चौघांसमोर तू तिला म्हणालास, "तुझ्या हातानं वाद्याचं वाटोळं झालं. पुन्हा हात लावू नकोस." मला तेव्हा तुझी लाज वाटली होती.

आदल्याच दिवशी तू मला म्हणाला होतास, ताता मेल्यात, आवाज देत नाहीत, पिंजाऱ्याकडं जायला पाहिजे. तू तिला बोललास तेव्हा मी तिथंच बसलो होतो, नाना. सुपारी कातरत होतो. एक शब्द बोललो नाही. नऊ महिन्यांनी तू तापात गेलास, आणि तेवढ्या दिवसांत खरं काय ते तिला तू सांगितलं नाहीस, मीही नाही.

म्हणून काल मी तिला सांगितलं. "वहिनी, तेलानं काही झालं नव्हतं. ताता आदल्या दिवशीच मेल्या होत्या. नानाला ते माहीत होतं."

तिनं भाकरी तव्यावरनं उतरवली. मग विचारलं, "मग मला कावून बोलले?"

याचं उत्तर तुला येतं का? चार माणसांपुढं तुझी मान खाली जाऊ नये म्हणून, एवढंच असेल ना? त्या दिवसापासून तिनं हात पुढं धरला नाही, हे तिनं मला सांगितलं नाही. पण मी ओळखलं.

मी गिटार उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली. ती म्हणाली, "नगं." पण ढकलली नाही. मग तिनं सगळ्यात जाड तातेवर बोट ठेवलं, दाबलं, आणि सोडलं.

नाना, तो आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. तुझ्यापेक्षाही चांगला होता. हे लिहायला मला बरं वाटत नाही. पण मी दोघांचंही ऐकलंय, आणि ऐक असं तूच मला म्हणाला होतास.

तेव्हा शब्द देतो. उद्यापासून दफ्तर सुटलं की मी तिला डाव्या हाताचे पडदे दाखवणार, जेवढे मला येतात तेवढे. दार उघडं ठेवून. विधवेच्या मांडीवर साहेबाचा तंबोरा बघून गल्ली बोलेलच. या वेळी मी सुपारी कातरत बसणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
दगडू
मोमिनाबाद