देव नाही, वाघजाईच्या परवानगीने

जयगड, जि. रत्नागिरी
ता. १४ डिसेंबर १९५४

तीर्थरूप मामांस आत्मारामचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग तुम्हाला चालत नाही, तेव्हा निम्मी अंगं वजा करून उरेल तेवढाच घ्यावा.) इकडे देवाच्या कृपेने, चुकलो, हवापाण्याच्या कृपेने सगळे ठीक आहेत, आईचे गुडघे सोडून. तुमचा खोकला कसा आहे? उशीखाली अंगारा सापडला तर तो मी पाठवलेला नाही, आईने मामींना पाठवला आहे. राही खुशाल असेलच. (सहज विचारलं.)

तर्कभास्कर नीळकंठरावांच्या व्याख्यानाबद्दल परळात तुमच्या कानावर काहीबाही येण्याआधी खरं काय ते मीच लिहितो. मामाची मुलगी भाच्याला द्यायची ही आपली रीत, पण तुम्ही गेल्या मे महिन्यात आमच्या ओटीवर बसून, आमच्याच फणसाचे गरे खात सांगितलंत की देव मानणाऱ्याला राही द्यायची नाही. त्या दिवसापासून मी देव सोडला आणि गावात विचार मंडळ काढलं. सभासद दोन, मी आणि केरू. (केरूला काही पटलंय असं नाही. घरी बायको बोलते म्हणून येतो.) तुम्ही मोठ्या मनाने आमच्या मंडळासाठी एवढा नावाजलेला वक्ता धाडलात. 'देव असेल तर त्याने माझ्यासमोर यावं' हे त्यांचं वाक्य वर्तमानपत्रात चौकटीत छापून येतं म्हणे. माणूस भला, पण बोट लागली होती, त्यामुळे पहिला दिवस पेजेवर गेला.

आता गावात एवढी माणसं बसतील अशी जागा एकच, वाघजाईचा सभामंडप. आणि तिथे देवीला विचारल्याशिवाय कुणी शिंकत नाही. मी मानकरी महिपतदादांच्या हातापाया पडलो, की याच एका कार्यक्रमाला कौल नको. ते म्हणाले, "देवीच्या घरात येऊन देवी नाय म्हनायचं, आन् तिलाच इचारायचं नाय? ही खयची रीत?" (याला उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.) मग भिकाजी गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर हो आणि डावी पडली तर नाही, आणि गाऱ्हाणं घातलं, की आई, मुंबईचा पाव्हणा तू नाहीस असं सांगायला आलाय, त्याला सांगू द्यावं का? वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली. इतका झटपट होकार भिकाजीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तर्कभास्कर भडकले. देवीच्या परवानगीने देव नाही म्हणण्यात कसला पुरुषार्थ, मी बोलणारच नाही, म्हणाले. महिपतदादांचं धाबं दणाणलं. देवीने हो म्हटल्यावर गप्प बसणं म्हणजे तिचा अपमान, कोप व्हायचा तो गावावर! हमरीतुमरी होता होता तर्कभास्करच ओरडले, "मग विचारा तिला, नकार द्यायची तरी मुभा आहे का मला!" विचारलं. डावी पडली. (मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मोठ्या माणसाची लाज राखावी.)

झालं! देवीचीच आज्ञा म्हटल्यावर अख्खा गाव लोटला. म्हातारे उपास धरून आले. तर्कभास्कर उभे राहिले, हात वर केला आणि गरजले, "देव नाही!" आता आमच्या देवळात कुणी हात वर करून मोठ्याने काही म्हटलं की ते गाऱ्हाणंच, लोकांच्या तोंडून आपसूक जाब जातो. गाव एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" स्वारी आधी खूश झाली, मुंबईत एवढ्या लवकर कुणाला पटत नाही. नवस हा मूर्खपणा आहे! व्हय म्हाराजा. कोंबडं कापून पाऊस पडत नाही! व्हय म्हाराजा. अहो, स्वतःच्या डोक्याने विचार करा! व्हय म्हाराजा. शेवटी बिचारे घसा फोडून ओरडले, "व्हय म्हणू नका!" आणि मामा, गावाने दुप्पट जोराने व्हय म्हाराजा म्हटलं. ते मटकन खाली बसले. लोक रांगेने त्यांच्या पाया पडले.

एवढ्यावर निभावलं असतं, पण दुसऱ्या सकाळी गंगाकाकूची आटलेली म्हैस पान्हवली. आता उजाडल्यापासून आमच्या ओटीवर बाया. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र धाडत नाही. तर्कभास्कर सांगतात, बाई, माझ्या हातात काही नाही. ते ऐकून बाया जास्तच भारावून जातात. त्यांना परतीच्या बोटीवर बसवायचं म्हटलं तर महिपतदादांनी कौल लावला, डावी पडली. तेव्हापासून तर्कभास्कर रोज सकाळी देवळात जाऊन देवीशी भांडतात. देवीपुढे इतका वेळ उभा राहणारा भक्त पाहिला नाही, असं भिकाजी म्हणतो.

आता आत्मारामने तर्कभास्करांचा बुवा केला असं तुम्ही म्हणाल आणि राहीचा विषय बंद कराल, या भीतीने मला जेवण गोड लागत नाही. माझा काय दोष, सांगा! मामींना नमस्कार, इतरांना ज्याला जे चालत असेल ते.

तुमचा भाचा (निदान तेवढा तरी),
आत्माराम

ता. क. आज उजवी पडली. तर्कभास्कर उद्याच्या बोटीने निघतात. आजचा कौल त्यांनी स्वतः हात जोडून मागितला. (पाकळीला वारा लागू नये म्हणून आडोसा केला असावा.)

आणखी ता. क. खरं विचारायचं ते राहूनच गेलं. राहीवाचून माझं चित्त थाऱ्यावर नाही, हे एकदा लिहूनच टाकतो. तिच्याबद्दल मीही भिकाजीकडून एक कौल लावून घेतला, निव्वळ शास्त्रीय प्रयोग म्हणून. उजवा मिळाला. देवी नसल्यामुळे तिच्या होकाराला काडीची किंमत नाही हे मला मान्य आहे, म्हणून तर तुमचा मागतो. पण मामा, तुम्ही नाही म्हणालात, तर हो म्हणणारी ती एकटीच उरते, आणि मग मला तिला मानण्यावाचून इलाज नाही.