लुगड्याचा आडोसा

मेडशी, गुरुवार, दिवेलागण

रुपे, वर वार लिहिला काय? काल इसरली होती. आजी मी हाव, पण म्हातारपण तुले आलं. लिही आता.

सकाळी शेजारच्या सुमनबाईले शेवटची आंघोळ घातली. आमी चौघी अंगणात लुगड्याचा आडोसा धरून उभ्या होतो. वाऱ्यानं खालचा काठ उडे, म्हणून म्या त्याच्यावर पाय ठेवला. मेलेल्या बाईले लाज नसते, पण आपल्याले असते.

माहं मन रमावं म्हणून मंग तू मोबाइलवर तुह्यं जपानी कार्टून लावलं. त्यात मेलेले उठून जित्याइले चावून राह्यले. मले खरंच भेव वाटलं. एक नर्स चावा बसून पडली, तिची मैत्रीण रडून राह्यली, आन् चित्र मात्र नर्सच्या फाटक्या झग्यातून तिच्या मांड्यांवर फिरून राह्यलं.

"हे कायले वं?" म्या विचारलं.

"पाह्यणाऱ्याइले आवडते, आजी. ते काय खरी बाई हाय?"

"मंग तिच्यासाठी मले भेव काहून वाटलं?"

मेलेले तरी भुकेपोटी धावतात, पाह्यणाऱ्याची भूक कोणती? माहं भेवच निंघून गेलं, लाज तेवढी उरली. वाटलं, तिथंही कोणी काठावर पाय ठेवावा.

आता लिहिता लिहिता तूच म्हणली, "आजी, तुह्या वेळी लुगडं मी धरू?" धर. पण मोबाइल घरात ठेवजो, आन् काठावर पाय.

सुमनबाईच्या घरी आज चूल नाही. तुह्या मायले सांग, पिठलं-भाकर पाठव. रडून रडून सुमनबाईच्या लेकीचा घसा बसला, मिरची कमी टाकजो म्हणा.