खिडकीखाली काय वाजतं

९ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आणि तीन हॉटेलांचे फोटो पोचले. आनंद इतका झाला की माझं दुधावरून लक्ष उडालं आणि दूध गॅसवर. तुझी आई म्हणाली, जायला अजून दोन महिने आहेत, आतापासून असं केलंत तर आपल्याला दूध परवडायचं नाही. फोटो मी फ्रिजच्या दारावर चिकटवलेत. येणारा-जाणारा मत देऊन जातो. इस्त्रीवाला म्हणाला चौकातलं घ्या, पडद्यांचं कापड चांगलं दिसतंय. तुझा बाप म्हणाला, आई, तू जन्मभर नातेवाइकांकडे उतरलीस, हॉटेल निवडणं म्हणजे वांगी निवडणं नव्हे. मी म्हटलं, वांगंसुद्धा आतून किडकं आहे का ते वरून कळत नाही, मग फरक तो काय.

तुझ्या सुट्टीच्या गाड्याबरोबर मला आणि मोठ्या आजीला, आम्हा दोघी नळ्यांना यात्रा घडवतेस, याचं फार कौतुक वाटतं. मला तर कुठेही उतरव, मी स्टेशनच्या बाकावरही खूश आहे. पण तू लिहिलंस की चौकातलं हॉटेल घेऊ, तिथून पलंगावर पडल्या पडल्या तो मोठा मनोरा दिसतो, म्हणजे मोठी आजी हरखून जाईल. त्यावर मला काही सांगायचंय. वाचून पोटात ठेव.

माझी ही थोरली जाऊ भूगोल शिकवायची, हे तुला माहीत आहे. पण आपण जाणार त्या परदेशातल्या शहराची नदी ती फळ्यावर पुस्तक न बघता काढायची, एकूण एक पुलांसकट, हे तुला ठाऊक नसेल. संध्याकाळी बाहीला खडू लागलेला असायचा आणि जेवताना आम्हाला सांगायची की या पुलाखाली पुस्तकवाले बसतात, त्या पुलावर घोड्यांचे पुतळे आहेत. कधी गेली नाही. आधी शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलं. आणि आता तू तिकीट काढायला निघालीस तर मुलाला म्हणते, या वयात काय बघायचंय, फोटोत सगळं असतं. तिचा मुलगा समजतो, गुडघे दुखत असतील.

गुडघे नाहीत गं. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. सून कामावर गेलेली. तिने मला बसवलं आणि स्वतः चहा ओतला. ओतताना तिने कपाच्या आत बोट धरलं होतं. चहा बोटाला लागला तेव्हा ओतायची थांबली. वाफाळता चहा, चिमणे. तोंडावरची रेघ हलली नाही तिच्या. मग मला म्हणाली, निळा स्वेटर तुला शोभतो. स्वेटर हिरवा होता. मी दुसरा कप चहा घेतला आणि स्वेटर तिच्यापुरता निळाच राहू दिला. जे माणूस लपवतं त्याला तसंच कारण असतं, आणि तिच्या नाकावरचा राग तुला माहीत आहेच.

पूर्ण गेलेली नाही नजर, कडेकडेने थोडं दिसत असावं, कारण दारातून आत आलेली मी तिला कळले. पण आज आहे ते उद्या असेलच असं नाही. म्हणून तिला यंदाच न्यायचं, आणि तिला कमीपणा वाटणार नाही असं न्यायचं. तेव्हा तो मनोरा जरा बाजूला ठेव. मी तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काज-बटणं केली. दिवे गेले तरी हात चालायचे, कारण दुकान कानाने कळायचं, मशीन कुठे, कात्री कुठे, मालक कोणावर खेकसतोय. तू रविवारी त्या शहरी जा. गाडीने दोनच तास लागतात म्हणालीस ना? तिन्ही हॉटेलांच्या खिडक्यांखाली डोळे मिटून उभी राहा आणि काय ऐकू येतं ते कळव. वासही लिही. आणि जिन्याला कठडा आहे का, न्हाणीघराला उंबरा आहे का ते डोळे उघडून बघ.

जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस. मागच्या फोटोत तुझी हनुवटी फार टोकदार दिसली. माया आहेच, तीच या पाकिटात भरून पाठवते.

तुझी,
आजी


१८ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. मी पुलांची मापं घेऊन पोट भरते, पण असलं माप कधी घेतलं नव्हतं. चौकात डोळे मिटून उभी राहिले तर एका आजोबांनी माझा दंड धरून मला बाकावर बसवलं आणि पाणी पाजलं. त्यांना कसं सांगू की मी हॉटेल निवडतेय.

चौक बाद. मनोरा सुंदर आहे, पण डोळे मिटले की तिथे नुसती बॅगांची चाकं खडखडतात आणि वाटाडे आपापल्या घोळक्यावर ओरडतात. सगळे कुठून तरी आलेले आणि कुठे तरी निघालेले. ते शहर कोणाचं आहे तेच कळत नाही. नदीकाठचं हॉटेल शांत, पण तिथे फक्त वारा. वारा काय, तुमच्या गच्चीवरही आहे.

भाजीबाजारामागच्या गल्लीत मात्र मी डोळे मिटले आणि उघडायचं विसरले. कोपऱ्यावर ट्राम वळते, वळताना चाकं कण्हतात आणि घंटा वाजते. हॉटेलच्या खाली चांभार आहे, त्याची हातोडी दोनदा जोरात आणि एकदा हळू. पलीकडे पावाची भट्टी, त्यामुळे वासाचं लिहायलाच नको. छोट्या कारंज्यापाशी बायका उभ्या राहून कोणाची तरी नालस्ती करतात, भाषा कळत नसली तरी सूर ओळखीचा आहे. वरच्या मजल्यावर कोणी पियानो शिकतंय आणि दर वेळी एकाच जागी चुकतंय. चुकलं की थांबतं, मग पहिल्यापासून.

हॉटेल लहान आहे. लिफ्ट कपाटाएवढी, तू आणि मोठी आजी मावाल, भांडायला जागा उरणार नाही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न्हाणीघराला उंबरा नाही. पहिल्या मजल्यावरची गल्लीकडची खोली मालकीणबाईंनी आपल्यासाठी धरून ठेवलीय.

मोठ्या आजीलाही आजच पत्र टाकलंय. तू सांगितलंस त्यातलं अवाक्षर लिहिलेलं नाही, फक्त गल्लीचं वर्णन केलंय, चार पानं. तिला आवडेल बघ. हनुवटीवर काम चालू आहे. तुझा हात डोक्यावर आहे तसाच राहू दे.

तुझी,
चिमणी


२९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. चिमणीचं पत्र भिंग लावून दुपारभर वाचलं. पोरीने चार पानं लिहिली आणि त्यांत दिसण्यासारखी एक गोष्ट नाही. घंटा आहे, हातोडी आहे, पियानो आहे, पाव आहे. हॉटेलाच्या भिंतींचा रंगसुद्धा नाही. जन्मभर वर्गात पोरांच्या थापा ऐकल्या आहेत मी, कोणती गोष्ट मुद्दाम गाळली आहे ते मला लगेच कळतं.

तेव्हा तुला माहीत आहे, आणि तू तिला सांगितलंस. दोघींनी मिळून मला हाताला धरून फिरवायचं ठरवलंत. त्या शहरात मी आंधळी म्हणून जाणार नाही. जाईन म्हटलं होतं ते बघायला. तुम्ही दोघी जा, मजा करा, मला फोटो पाठवू नका. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर चढू देत.

अक्का


४ एप्रिल

ती. अक्कांस,

शि. सा. न. वि. वि. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पोर निर्दोष आहे. मी सांगितलं, आणि तुम्हाला न विचारता सांगितलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. वकिलालाही माझ्या बाजूने याहून जास्त काही सुचलं नसतं.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. सुनेने विचारलं, आई, काय झालं, तर मी म्हटलं, घसा बसलाय. आणि तोंडातून शब्द निघाल्यावर मलाच हसू आलं. तुम्हाला आठवतं ना?

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडच्यांनी सांगून ठेवलं होतं की मुलगी चार यत्ता शिकलेली आहे. मला तर माझं नाव दिसलं तरी ओळखू येत नव्हतं. महिनाभराने आईचं पत्र आलं, तेही तिने दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. सासूबाईंनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, वाच मोठ्याने, आम्हालाही कळू दे खुशाली. मी कागद उलटा धरला होता. कोणाच्या लक्षात यायच्या आत तुम्ही शाळेची पिशवी टाकून आलात, कागद ओढून घेतलात आणि म्हणालात, हिचा घसा बसलाय, मी वाचते. पुढे वर्षभर आईचं पत्र आलं की माझा घसा बसायचा. सासूबाईंनी मला कोमट पाणी पाजून पाजून हैराण केलं. आणि त्या वर्षात तुम्ही मला ताटातल्या पिठावर बोटाने अक्षरं गिरवायला लावलीत. मग म्हणालात, आता काही सांगायचं असेल तर तोंडाने सांगायचं नाही, चिठ्ठी लिहून तांदळाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवायची. एका घरात राहून आपण टपाल चालवलं. आज हे पत्र लिहितेय ते त्या झाकणाच्या जोरावर.

अक्का, तुम्ही तेव्हा माझ्यावर दया केली होती का? मला तसं एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं आपल्या दोघींचा एक कट आहे आणि सगळं घर फसतंय. केवढी मजा यायची. आता पाळी तुमची. तिथे कोणी विचारलं तर मी सांगेन, आमच्या जाऊबाईंचा चष्मा घरी राहिला. चार दिवस चष्मा घरी. तुमचं कोमट पाणी मी पिईन हवं तर.

शिवाय मला तुमची गरज आहे, हे खुशामतीने म्हणत नाही. तिथल्या पाट्या मला वाचता यायच्या नाहीत आणि तुम्हाला दिसायच्या नाहीत. मी अक्षर सांगेन, एक उभी काठी, तिला पुढे पोट, तुम्ही ओळखून शब्द लावा. दोघींची मिळून एक शहाणी बाई होईल. चिमणी कामाच्या फोनवर असली की आपण अशाच हिंडू. आणि तुम्ही फळ्यावर ते सगळे पूल काढायचात, ते जागच्या जागी आहेत का हे तपासायला तरी नको का यायला? मी मोजत जाईन, तुम्ही नावं सांगा.

हॉटेल तुम्ही म्हणाल ते. चौकातलं म्हणालात तर चौकातलं. भिंतींचा रंग चिमणीला फोनवर विचारून घेतला, पिवळा आहे, जुन्या पुस्तकाच्या पानासारखा, असं तिने सांगितलं. कान धरा पण हात सोडू नका, एवढंच मागणं.

तुमची,
धाकटी


१५ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. जाड पेनाने लिहिते आहे, म्हणून एका कागदावर आठच ओळी मावतात. कागद पुष्कळ झाले तर गठ्ठा समजून घाबरू नकोस.

मुलाला काल डोळ्यांचं सांगितलं. मग त्याला तुझ्या बसलेल्या घशाची गोष्ट सांगितली. आपल्या आजीला दोन सुना मिळून फसवत होत्या हे त्याला या वयात कळलं. हसता हसता त्याने डोळे पुसले. आज डॉक्टरकडे तोच घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, जायचं तर लवकर जा.

गल्लीतलंच हॉटेल घ्या. तो पियानोवाला मे महिन्यापर्यंत सुधारतो का ते मला ऐकायचं आहे. सुधारला नाही तर वर जाऊन सांगेन, शिकवायची सवय सुटत नाही. मात्र एका सकाळी मला मनोऱ्याला न्यायचं. ऊन त्याच्या अंगावर असताना, आणि मला डाव्या बाजूने उभं करायचं. कडेने दिसेल तेवढा बघेन. उरलेला तू सांग, पण फुगवू नकोस. तुझ्या बोलण्यात इस्त्रीवाल्याचा राजा होतो. दगड असेल तर दगड म्हण.

खिडकीकडचा पलंग माझा. चिमणीला तसं कळव. लोभ आहेच, आणखी वाढवलास तर बॅगेत मावायचा नाही.

तुझी,
अक्का

ता. क. तिथे चहा तू ओतायचास. बोट न भाजता चहा प्यायल्याला बरेच दिवस झाले. त्या दिवशी कपाकडे बघून तू एकदम गप्प झालीस, मग काही न विचारता दोन कप प्यायलीस. तेवढं मला अजून दिसतं.