भाऊबीजेच्या पाहुण्याबाबत

मी, ज्ञानेश सावळीराम थेटे, वय सव्वीस, मूळ राहणार गिरणारे, तालुका व जिल्हा नाशिक, सध्या कन्याकुमारी जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या कामावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही. प्यालेलो नाही, अंगात ताप नाही. नववीत शाळा सोडली तरी मी काय लिहितोय ते मला कळतंय. मोबाईलवर नमुना पाहिला, त्यात जीवनाचा भरवसा नाही असं पहिलं वाक्य होतं. ते मी गाळलं, कारण मला माझा दिवस माहीत आहे.

कलम १. या कागदाचे व्यवस्थापक म्हणून मी माझे मेहुणे रविराज यांना नेमतो, राहणार गंगापूर रोड, फुलांचं दुकान. दाजी, हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. धनत्रयोदशीच्या आधी उघडून माझी धाकटी बहीण आणि तुमची बायको दीपमाला हिला वाचून दाखवायचा. ती मध्येच हिसकावेल, देऊ नका. शेवटचं कलम तिच्यासाठी आहे.

कलम २. गिरणाऱ्याच्या झेंडूच्या शेतात माझा जो हिस्सा निघेल तो दीपमालाला द्यावा. यावर आमचे वडील, अण्णा, हरकत घेतील. मी शेत सोडून हिंडत राहिलो म्हणून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, आईच्या तोंडून बोलतात. "विचार त्याला, जेवला का." मी फोनवर ऐकत असतो, त्यांना माहीत असतं मी ऐकतोय. तर ही हरकतही त्यांनी आईच्या तोंडूनच घ्यावी. चुलतभाऊ दीपक याने आमचा बांध कोरून आत घेतला आहे, तेवढी माती त्याला लखलाभ. तो दसऱ्याला सोनं द्यायला आला तर चहा द्यावा, साखर कमी.

कलम ३. बँकेत आहे ते आईला, म्हणजे नवसाबाईला. गाडी दाजींना, ब्रेक करून घ्या. पाने, पकडी आणि बोल्ट आवळायचं टॉर्क मशीन बंटीला. बंटी साक्रीकडचा, माझ्या खोलीत राहतो, हे काम आम्ही दोघं तिकडच्याच पवनचक्क्यांवर शिकलो.

कलम ४. माझा सेफ्टी बेल्ट मात्र बंटीने मागितला तरी देऊ नये. जाळून टाकावा. कारण लिहितो.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला मी कामावर होतो. इथल्या लोकांची खरी दिवाळी त्याच दिवशी असते, म्हणून ते सुट्टीवर जातात आणि आम्ही बाहेरची पोरं टॉवर चढतो. घरी असतो तर आईने पहाटे उटणं लावून अंघोळ घातली असती, मी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं असतं. लहानपणी आत्या सांगायची, नरकासुर मरताना वर मागून गेला की या पहाटे जो अंघोळ करील त्याला नरक दिसू नये. आणि जो करणार नाही? "त्याचं तो बघून घेईल," म्हणायची. इथे टाकीत पाणी नव्हतं. कारीट तर कुणाला माहीतही नाही. मी तोंडावर हात फिरवून तसाच शिडीला लागलो.

पार वर, हूक एका पायरीवरून काढून दुसरीत अडकवताना पाय सरकला. हूक माझ्या हातातच होता. मी गेलो होतो. तेवढ्यात कुणीतरी मागून बेल्ट मुठीत धरला. मी शिडीला चिकटलो, हूक लावला आणि म्हणालो, "थँक्यू भाऊ." मागे वळलो तर टॉवरची भिंत. माणूस उभा राहील एवढी जागा तिथे नाही. बेल्टची ओढ मात्र खाली उतरेपर्यंत होती. तेव्हा मला वाटलं की मला वाचवलं. पण न्यायला आलेला माणूसही आधी धरतोच.

कलम ५. त्यानंतर भाऊबीज आली. दरवर्षीसारखा दीपमालाने व्हिडिओ कॉल लावला. तिला तेव्हा सातवा महिना होता, खाली वाकवत नव्हतं, म्हणून तिने पाटावर डबा, डब्यावर तांब्या आणि तांब्याला टेकून फोन असं केलं होतं. मी इकडे सतरंजीवर डोक्याला रुमाल बांधून बसलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बंटी डबा आणायला गेला होता. तिने काचेवर कुंकू लावलं, ओवाळलं, आणि म्हणाली,

"दादा, जरा सरक ना. त्यांचं डोकं कापतंय."

"कोणाचं?"

"तुझ्या बाजूला बसलेत त्यांचं. ओळख तरी करून दे. सणाच्या दिवशी माणसाला असं ताटकळत बसवतो का?"

मला वाटलं माझी मजा करतेय. म्हटलं, "ओवाळ मग त्यालाही."

आई मागून म्हणाली, "कोणाला ओवाळतीस गं? मला तर एकटा ग्यानूच दिसतोय."

"चष्मा लाव आई. दादाचे मित्र हायेत."

आईने चष्मा लावला, तरी तिला मी एकटाच दिसलो. नेटवर्कचा दोष म्हणून ती आत निघून गेली. दीपमालाने काचेवर दुसरं बोट टेकवलं, ओवाळलं, आणि पदर सावरून म्हणाली, "भाऊ, पुढच्या वर्षी घरी या जेवायला. दादाला घेऊन या."

मग मला म्हणाली, "बघ, कसे मान हलवून हो म्हणाले. नाहीतर तू."

संध्याकाळी मी परत फोन करून विचारलं, दिसायला कसा होता. म्हणाली, "काळेसावळे, तुझ्यापेक्षा उंच. खांद्यावर तुमच्यासारखीच दोरी होती, म्हणून म्हटलं कंपनीतलेच असतील."

त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच दोरी घेतली नव्हती. सुट्टी होती.

कलम ६. आत्या धोंडाबाई हिला माझा मोबाईल द्यावा. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, हा तिला वापरता येत नाही, तरी द्यावा. दीपमालाला मी काही बोललो नाही, पण आत्याला सगळं सांगितलं होतं. आत्याने एवढंच विचारलं, "खांद्यावर दोरी होती?"

"हो."

"आन दीपूनं ओवाळलं?"

"ओवाळलं. जेवायलाबी बोलावलं."

फोनवर तिच्याकडच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग तिने भाऊबीजेची गोष्ट सांगितली. लहानपणी ऐकली होती, पण तेव्हा आमचं लक्ष करंज्यांकडे असायचं. यमाला कुणी घरी बोलवत नाही. एकटी त्याची बहीण यमुना बोलवत राहायची, त्याला सवड नसायची. शेवटी एका कार्तिक द्वितीयेला तो गेला. निघताना नरकातली सगळी माणसं त्याने सोडून दिली. यमुनेने त्याला न्हाऊ घातलं, ओवाळलं, जेवू घातलं. तो म्हणाला, माग काहीतरी. ती म्हणाली, दरवर्षी या दिवशी माझ्याकडे ये, आणि जो भाऊ आज बहिणीच्या हातचं जेवेल त्याला हात लावू नको.

"तवापासून तो या दिवशी बहिणीकडं जातो," आत्या म्हणाली. "आता त्याला दोन बहिणी झाल्या."

"मग मी काय करू?"

"तू ये. दीपूच्या हातचं जेव. तुला काय होत नाय."

"आणि तो?"

"तोबी जेवंल."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

आत्या म्हणाली, "दुसऱ्या दिवसाची गोष्ट कोण सांगत नाय, बाबा."

कलम ७. वर्षभर तो माझ्याजवळ आहे. मला दिसत नाही. नागरकोविलच्या बसमध्ये कंडक्टर मला न विचारता दोन तिकिटं फाडतो. खाणावळीतली अक्का दोन पानं मांडते, मग एक उचलते आणि माझ्याकडे रागाने बघते. मला त्रास काही नाही. उलट टॉवरवर पाय कधी सरकला नाही. वाट बघणारा माणूस उगाच घाई करत नाही.

हे असंच चालू द्यायला माझी तयारी होती. पण गणपतीत दीपमालाने बाळाला दाखवायला कॉल केला. योगिनी आता बसायला लागली आहे. मी "मामा, मामा" करत होतो, ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या उजव्या खांद्याच्या पलीकडे बघून हसली आणि दोन्ही हात वर केले, उचलून घ्या म्हणून. दीपू म्हणाली, "बघ, मामाला ओळखलं." मी फोन ठेवून दिला. नेटवर्क गेलं म्हणून नंतर सांगितलं. ते खोटं होतं.

कलम ८. म्हणून मी ठरवलं आहे. मी भाऊबीजेला गंगापूर रोडला आलो तर तो माझ्याबरोबर येणार. त्याला रीतसर बोलावणं आहे. एकदा घर पाहिलं, पाळणा कुठे बांधलाय ते पाहिलं, की तो परत यायला माझी गरज राहणार नाही. त्यामुळे मी येणार नाही आणि कॉलही करणार नाही. बहिणीच्या हातचा घास नाही, ओवाळणं नाही, म्हणजे यंदा मला न्यायला त्याला कसली आडकाठी राहत नाही, हे मला समजतं. मी आजवर एका ठिकाणी टिकलो नाही. निफाडला द्राक्षाच्या गाडीवर होतो, सटाण्याला कांद्याच्या खळ्यावर, मग साक्री, मग इथे. आईने विचारलं तर सांगा, आणखी पुढे गेला.

दाजी, माझ्यामागे माणूस पाठवू नका. तोही परत येताना एकटा येईल असं नाही.

कलम ९. आईसाठी. धनत्रयोदशीला तू कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतेस, तो यंदाही ठेव. मी दक्षिणेलाच आहे, मला तो माझ्याकडे बघतोय असं वाटतं. त्या दिव्याच्या गोष्टीत राजाच्या सुनेने दारात सोन्याचा ढीग लावला होता, दिवे लावले होते. साप होऊन आलेल्या यमाचे डोळे दिपले आणि तो नवऱ्याला न नेता माघारी गेला. आपल्याकडे सोनं नाही, झेंडू आहे. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतचा फुलांचा तोडा बाजारात नेऊ नका. सगळा दीपूच्या उंबऱ्यावर ओता, आत यायला वाट ठेवू नका. ऐन भावात फुलं अडवली म्हणून अण्णा ओरडतील. त्यांना म्हणावं, तुमचा मुलगा पहिल्यांदा शेतातलं काही मागतोय. हे मात्र आईच्या तोंडून नको, दाजींनी समोर बसून सांगावं.

कलम १०. दीपू, ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. तू यंदा चंद्राला ओवाळ. द्वितीयेची कोर बारीक असते, पश्चिमेला दिसते आणि लगेच मावळते, म्हणून दिवेलागणीलाच गच्चीवर जा. बाळाला खाली आईजवळ ठेव. ओवाळताना माझं नाव घेऊ नको, तेवढ्यानेही वाट सापडेल. तुझं काही चुकलेलं नाही. दारात आलेल्या माणसाला या म्हणायचं, हेच आपल्याला शिकवलंय.

माझा फोन मी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बंद करून, सिम काढून, सण होईपर्यंत बंटीकडे देणार आहे. तरी त्या दिवशी तुझा फोन वाजेल. वर माझं नाव येईल, तुझ्या लग्नातला माझा फोटो येईल. कदाचित दाराबाहेरून माझ्या आवाजात दीपू अशी हाक येईल, भूक लागली म्हणून. तुला राहवणार नाही, मला माहीत आहे. पण मी त्या दिवशी तुला हाक मारणार नाही. जो मारेल तो मी नाही. दार उघडू नको.

वरचं सगळं मी दिवसाउजेडी, भानावर राहून लिहिलं, परत वाचलं, आणि खाली सही केली.

सही: ज्ञानेश सावळीराम थेटे

साक्षीदार १: बंटी ऊर्फ योगेश चिमाजी देसले, मु. साक्री. ज्ञानेशने माझ्यासमोर सही केली. फोन ठेवून घ्यायला कबूल आहे.

साक्षीदार २: मुरुगन, खाणावळ. मराठी येत नाही, बंटीने हिंदीतून समजावलं, सही तमिळमध्ये.

ठिकाण: मुप्पंदल, जि. कन्याकुमारी
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५, कोजागरी पौर्णिमा