शिशाची कवळी

९ मार्च, सोमवार

जागा रिकामी झाली! सासऱ्यांच्या होडीतली दुसरी फळी. तिच्यावर वीस वर्षं त्यांचा पोस्टमन मित्र बसायचा. तो आता लेकाकडे राहायला गेला, कायमचा. होडीत माणसं मावतात दोन. एक स्वतः बाबा. आणि जावई आहेत दोन — मी आणि साडू. साडू फ्रिज विकतो, आणि घरी बोलतानासुद्धा समोरच्याला फ्रिज विकत असल्यासारखाच बोलतो.

बाबा सध्या कुणाशीच बोलत नाहीत. त्यांच्या कवळीचे बेसिनमध्ये पडून दोन तुकडे झाले आणि बोळकं दाखवायची त्यांना भयंकर लाज. तोंडाला मफलर गुंडाळून बसतात. हिच्याशी तेवढं बोलतात, लेक म्हणून. नवी कवळी मीच करतोय. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हाच माझा धंदा.

संध्याकाळी ही माहेराहून बाबांचा निरोप घेऊन आली. पाच एप्रिलला तळं मासेमारीसाठी खुलं होणार. 'त्या दिवशी घरातल्या ज्याच्या कुणाच्या जिगवर पहिला मासा लागेल, फळी त्याची. पण जिग स्वतःच्या हातानं केलेला हवा. दुकानातला चालणार नाही.'

साडूला फोन करून मीच कळवलं. पलीकडे चहाचा कप सांडल्याचा आवाज आला. फार बरं वाटलं!

१० मार्च, मंगळवार

जिग करायचा म्हणजे काय — गळाच्या मानेवर शिशाचं डोकं ओतायचं, त्याला रंग द्यायचा, डोळे काढायचे, मागे केसांची शेपटी बांधायची. पाण्यात वरखाली नाचवला की माशाला वाटतं, जेवण चाललंय.

ओतकाम! माझी बावीस वर्षं साच्यात ओतण्यात गेली. साडूनं आयुष्यात फक्त चहा ओतलाय, तोही टेबलावर. फळी माझीच. आता नुसती औपचारिकता उरली.

मला ती फळी हवीच आहे. बारा वर्षं जावई आहे मी त्या घरचा. या बारा वर्षांत बाबा माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलले असतील, त्यातली दोन पार्किंगबद्दल. होडीत समोरासमोर बसलं की माणूस बोलणारच. जाणार कुठे?

१२ मार्च, गुरुवार

प्लॅस्टरचा साचा झाला. ओव्हनमध्ये वाळत ठेवला.

'अहो, ही पांढरी वीट कसली?'

म्हटलं, साचा वाळवतोय. ओल राहिली तर वितळलेलं शिसं अंगावर उसळतं.

'मग तुमच्या वर्कशॉपमध्ये उसळू दे! शिसं या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलं तर तुम्ही बाहेर.'

साच्यासकट बाहेर. मागच्या खोलीतल्या वर्कशॉपमध्ये, पंखा लावून, मास्क लावून, हातमोजे घालून. तसंही तिथंच जास्त शोभून दिसतो मी.

१४ मार्च, शनिवार

बारा जिग! एकसारखे, गुळगुळीत, आरशासारखे चकचकीत. पॉलिश करताना माझा मलाच हेवा वाटला. ताटात मांडून हिच्यापुढे नेले. हिनं एक उचलला, उलटा केला, सुलटा केला.

'छान आहेत. दोरी कुठं बांधायची?'

गळाच्या टोकाला दोरी ओवायला जे भोक असतं ना, ते बुजवलं होतं मी. बाराच्या बारा! कवळीत टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी डॉक्टर परत पाठवतात. बावीस वर्षांची हाताची सवय — भोक दिसलं की भर. हिरडीच्या गुलाबी मसाल्यानं भरून वर घासूनपुसून साफ केलं, आणि वर स्वतःचं कौतुक केलं.

ही उंबऱ्यावर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग शेजारणीला बोलावून पुन्हा पहिल्यापासून हसली.

१५ मार्च, रविवार

बारा भोकं पाडली. तीन ड्रिल मोडले.

१८ मार्च, बुधवार

रंगकाम. माझ्याकडे रंग आहेत ते दातांचे. सोळा छटा — 'तरुण पांढरा'पासून 'तंबाखू'पर्यंत. शिवाय हिरडीचा गुलाबी. तेवढ्यातच भागवलं. डोकं गुलाबी, पोट पिवळट पांढरं.

हिचं म्हणणं: 'हे जिग मासे पकडणार, की मासे यांच्याकडे दात तपासायला येणार?'

दुर्लक्ष केलं. कलाकाराला घरातून कधीच पाठिंबा मिळत नाही.

२१ मार्च, शनिवार

शेपट्या. पॉलिशच्या ब्रशातले बोकडाचे केस कापून लावले. फार ताठ. पाण्याच्या बादलीत सोडले तर जिग घाबरल्यासारखा दिसतो. शेजारणीच्या मांजरानं केस दिले नाहीत, ओरखडे दिले.

शेवटी आरशात पाहिलं. उपाय नाकाखालीच होता!

डाव्या बाजूच्या मिशीत एक शेपटी झाली. मग अर्धी मिशी घेऊन फिरणार कसा? उजवीचीही कापली. दोन झक्कास जिग तयार झाले आणि मी दूधवाल्याला ओळखू आलो नाही.

गाठी मात्र मला जमेनात. बोटं जाड. हिनं हातातून घेतलं, तीन वेढे, एक झटका — झाली गाठ. विचारलं, कुठं शिकलीस?

'शाळेत असताना त्या फळीवर मीच बसायचे. पोस्टमनकाका नंतर आले. मी मोठी झाले म्हणून सगळ्यांनी सांगितलं, आता पुरे.'

मी 'अच्छा' म्हटलं आणि दुसरा जिग पुढे केला.

२५ मार्च, बुधवार

घात झाला!!

बाबांची कवळी जवळजवळ होत आली होती. मेण उकळून काढलं होतं, साच्यात दात बसलेले, पोकळी तयार. फक्त गुलाबी मसाला भरायचा बाकी. शेजारी जिगचा साचा. दोन्ही साच्यांचे डबे सारखे, दोन्हींवर माझंच अक्षर, आणि माझ्या डोक्यात फक्त होडी. एका डब्याचं भोक बुजलेलं दिसलं, मीच बुजवलं असणार म्हणून पाडलं आणि शिसं ओतलं. थंड झाल्यावर उघडलं.

शिशाची कवळी. अख्खी! टाळू, हिरड्या, सगळं माप बिनचूक. दात जळून 'तंबाखू'च्याही पलीकडे गेलेले. वाईट याचं वाटलं, की ओतकाम आयुष्यात इतकं सुंदर कधी उतरलं नव्हतं.

नवे दात मागवायचे, सगळं पहिल्यापासून करायचं. पाच तारखेच्या आत शक्यच नाही. बाबा मफलरातच राहणार, आणि ते माझ्यामुळे. खाली मान घालून हिला सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेईल.

'राहू दे. बाबांना समजावते मी. काही घाई नाही, पाच तारखेनंतर द्या.'

किती समजूतदार आहे ही! उगाच तक्रारी करतो मी तिच्याबद्दल.

मग म्हणाली, 'ही शिशाची टाकणार आहात का? मला द्या.'

दिली. हवी असेल आठवण म्हणून.

२९ मार्च, रविवार

साडू हेरगिरीला आला. 'साडूभाऊ, मिशी कुठं गेली?' म्हटलं, कामाला लावलीय. त्यानं स्वतःचे जिग दाखवले — निळे, हिरवे, चमचमणारे, डोळे इतके जिवंत की मीच नजर चुकवली. 'रात्रंदिवस खपलोय,' म्हणाला. एकाच्या पोटावर किमतीच्या चिठ्ठीचा कोपरा राहिला होता. तो मी नजरेत ठेवला. हुकमाचं पान कुणी आधी टाकतं का?

ही मागच्या खोलीत काहीतरी ठोकत होती. विचारलं तर म्हणाली, खिळा.

४ एप्रिल, शनिवार

उद्या. पिशवी तीनदा भरली, तीनदा रिकामी केली.

५ एप्रिल, रविवार

लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी सात. बाबा होडीत, डोळ्यांपर्यंत मफलर. आम्ही तिघं — मी, साडू आणि ही — धक्क्यावर. साडूनं इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यानं पहिला गळ फेकला तो त्याच्याच टोपीत अडकला. बाबांनी होडीतूनच वाकून टोपी सोडवली, जिग हातात घेतला, पोटावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि साडूच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली. एक शब्द नाही! याला म्हणतात न्याय. साडू बाद. मी मनातल्या मनात बाबांच्या पाया पडलो.

मग मी. गुलाबी डोकं, मिशीची शेपटी. दोन फेका कोऱ्या. तिसऱ्या वेळी दोरी ताणली! हातभर थरथरली! ओढली — आणि नुसतं गुलाबी डोकं बाहेर आलं. तळ्यात कुठंतरी एक मासा माझी मिशी घेऊन फिरतोय.

मी नवी शेपटी शोधत होतो तेवढ्यात हिनं पर्समधून काहीतरी काढलं. ओबडधोबड, करड्या रंगाचा गोळा, गळाभोवती ठोकून बसवलेला, मागे लाल दोऱ्याचा झुपका. ओळखला मी तो गोळा. वरच्या हिरडीचा डावा कोपरा होता. माझंच ओतकाम!

मनगटाची एक हालचाल. जिग जिथं पडायला हवा तिथंच पडला. दोन मिनिटं. मासा! वीतभरच, पण मासा.

साडू ओरडला, 'अहो ताई, हे जावयांचं होतं ना!'

'जावई हा शब्द निरोपात नव्हता,' ही शांतपणे म्हणाली. 'घरातल्या ज्याच्या कुणाच्या. आणि हा मी स्वतःच्या हातानं केलाय. विचारा यांना, चार दिवस ठोकत होते.'

मी बाबांकडे पाहिलं, न्यायाधीश म्हणून. ते फळीवर सरकले आणि त्यांनी हिच्यापुढे हात केला. ही चप्पल काढून होडीत उतरली, अशी उतरली की होडी हललीसुद्धा नाही. मफलरच्या वर बाबांचे डोळे भरून आले होते. मला राग आला होता, तरी ते दिसलं.

होडी गेली. मी आणि साडूनं धक्क्यावर बसून त्याचे सँडविच खाल्ले. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो गप्प होता. माणूस तसा वाईट नाही.

६ एप्रिल, सोमवार

नवे दात आले. कवळीला पुन्हा सुरुवात. डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहिली.

१२ एप्रिल, रविवार

बाबांना कवळी बसवली. पहिल्याच वेळी नेमकी बसली. त्यांनी आरशात बत्तीशी पाहिली, दोनदा कट्कट् केलं आणि माझ्याशी पाचवं वाक्य बोलले: 'त्या दिवशी धक्क्यावर तुम्ही एवढे कशासाठी भांडत होता?'

म्हटलं, बाबा, तुमच्या अटीवरून.

'कसली अट? मी कुणाला कसलाही निरोप दिला नाही.'

साडूच्या खिशावर चिठ्ठी का चिकटवली मग? 'पाण्यात कचरा नको म्हणून.'

घरी आलो. ही ओट्यापाशी पुढच्या रविवारची दोरी गुंडाळत होती, शीळ घालत. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. तिनं नुसती मागितली असती, तर मी जागा सोडली असती का?

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. नसती सोडली.