धाकटीच्या शिवणवर्गाचं पान

१२ फेब्रुवारी, दुपार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा हल्ली माझ्यापेक्षा कमी कुरकुरतो. तुझा खोकला गेला का? फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र.

इकडची बातमी म्हणजे मी सर्व्हरला नवी डिस्क जोडली. गल्लीतल्या दुकानांच्या नि नातेवाइकांच्या वेबसाइट मी सांभाळतो, त्यांचे बॅकअप आजवर त्याच सर्व्हरवर पडायचे. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावायचं. म्हणून नेटवर्कवरून जोडायची वेगळी डिस्क घेतली आणि सर्व्हरचा कारभार बघणाऱ्या कंट्रोल पॅनेलला सांगितलं, बॅकअप इथे टाक. मी खूश. मग सर्व्हर रीस्टार्ट केला, तर डिस्क परत जोडलीच गेली नाही, आणि पॅनेल आपलं त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, जुन्याच डिस्कवर, इमानेइतबारे बॅकअप ओततंय. तुझी वहिनी म्हणाली, "पाहुण्याला जेवायला बोलावलंत आणि दार उघडायला विसरलात." मग आपोआप जोडण्याची सोय केली. आता सुरळीत आहे.

पण बॅकअप घेतला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. त्यातून साइट परत उभी राहते का, हे एकदा पाहावंच लागतं. चालत्या दुकानाला हात कशाला लावा, म्हणून तुझ्या शिवणवर्गाची साइट निवडली. बंदच होती ना. झोपेतून उठावी तशी उभी राहिली. तोंडात टाचण्या धरून तू हसतेयस, तो फोटोसुद्धा.

चाचणी वेगळ्या पत्त्यावर करायची असते. मी खऱ्या पत्त्यावर केली, म्हणजे साइट साऱ्या जगाला दिसायला लागली. लगेच मिटवणार होतो, तेवढ्यात भाजी आणायला गेलो.

खोटं कशाला बोलू? भाजी आणून, निवडून, खाऊन झाली तरी मी ती बंद केली नाही. आठवडा झाला.

बाही आखूड झाली म्हणून त्या गिऱ्हाइकाने चारचौघांत कोट टेबलावर आपटला, आणि तू मशीनवर चादर टाकलीस, वर्गही बंद केलास. एका बाहीपायी, धाकटे! तुझी वहिनी मात्र मलाच बोलली, "ती चादर ओढून काढायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? तिला विचारलंत का?" तिचं बरोबर आहे. म्हणून विचारतो.

साइटवरून चौकशीची दोन पत्रं आली आहेत. एकीला फक्त वर्गाची वेळ हवी आहे. दुसरीने लिहिलंय, "सुईत दोरा ओवतानाही माझा हात थरथरतो. माझ्यासारखीला शिकवाल का?" मी दोघींनाही उत्तर दिलेलं नाही. दोन्ही पत्रं सोबत जोडली आहेत.

तू म्हणशील तर साइट त्याच दिवशी बंद करीन, हूं की चूं करणार नाही. पण त्या दुसऱ्या बाईला नाही म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. ते तू तुझ्या हाताने लिही. हो म्हणायचं असेल, तर तेही तूच.

आधी तिला लिही, मला मागाहून कळलं तरी चालेल.

तुझा आगाऊ
दादा